चैतालीचा प्रबंध आणि आत्याचं खाचर

वाडीत कुणाच्याही घरी फॉर्म आला की तो चैतालीकडे यायचा. रेशनकार्डात नाव वाढवायचं असो, गॅसची जोडणी असो की शाळेचा दाखला, माणसं कागद घेऊन मुक्ताबाईंच्या ओट्यावर येऊन बसायची आणि चैताली पेनाचं टोपण दातात धरून तो भरून द्यायची. सातवीत असल्यापासून. एकही रकाना रिकामा सोडलेला तिला चालायचा नाही. "रिकामा दिसला की साहेब म्हणतो, अर्ज अपुरा," ती सांगायची. पुढे लोणावळ्याच्या कॉलेजात आम्ही चार वर्षं शेजारी बसलो, तेव्हा माझाही परीक्षेचा फॉर्म तीच भरायची. आता मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर तपासणीचे तक्ते भरते, आणि एखादा रकाना राहिला की अजून मला तिचा आवाज ऐकू येतो.

तिची वाडी आंदर मावळात. कान्हे फाट्यावरून टाकवे, तिथून पुढे दिवसाला दोन एसट्या. एक चुकली की धरणाच्या कडेने दीड तास चालायचं. चैताली तीन वर्षांची असताना तिची आई गेली. वडील लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करायचे, ती दहावीत असताना तेही गेले. तिला वाढवलं मुक्ताबाईंनी. मुक्ताबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आलेली. भावाने तिला ओढ्याकडचं एक खाचर लावून दिलं होतं. बांध घातलेला भाताचा तेवढाच एक तुकडा, पण दोघींना वर्षभर पुरतील एवढे तांदूळ त्यात व्हायचे.

मुक्ताबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली. त्यामुळे त्यांना आवणी करता यायची नाही. आवणी म्हणजे भाताची रोपं काढून चिखलात ओळीने लावायची. कंबर वाकवून दिवसभर, आणि तेही रोप कोवळं असतानाच. उशीर झाला की रोप जून होतं, त्याला पेर धरतं, मग लावलं तरी लोंबीत दाणा भरत नाही. एका घराच्या हातांनी हे काम वेळेत होत नाही. म्हणून वाडीत सावड होती. आज चौदा घरच्या चौदा बाया माझ्या खाचरात, उद्या त्याच चौदा जणी तुझ्या खाचरात. दिवसाला दिवस. कोण भरभर लावतं आणि कोण हळू, हे बघायचं नाही.

या सावडीत मुक्ताबाई बांधावर बसायच्या. रोपांच्या मुठी सुट्या करून, जिला संपत आली तिच्या नेमक्या हाताशी फेकायच्या आणि गाणं धरायच्या. "पान्यात उतरलं कोन गं?" त्या वरून विचारायच्या, आणि खालून चौदा जणी म्हणायच्या, "आमी गं, आमी!" त्यांचा हा दिवस इतरांच्या दिवसाइतकाच भरायचा. शिवाय वाडीची एक रीत होती. सावडीचं पहिलं खाचर एकट्या बाईचं. म्हणजे दर वर्षी मुक्ताबाईंचं. असं का, ते मी एकदा चंपामावशीला विचारलं होतं. त्या मुक्ताबाईंच्या शेजारीच राहतात. "का म्हंजे?" त्या म्हणाल्या. "देवाला निवद आधी दावत्यात, तसंच."

चैतालीला जर्मनीतल्या एका लहान शहरात एम.ए.ला प्रवेश मिळाला, तेव्हा शिष्यवृत्तीचा पंचवीस पानी अर्ज तिने एका बैठकीत भरला होता. विषयाचं नावच लांबलचक. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आणि शाश्वत व्यवसाय. निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावर सगळ्या बाया जमल्या होत्या.

"म्हंजे काय शिकनार गं तू?" चंपामावशीने विचारलं.

"धंदा असा कसा करायचा, की माती, पाणी, माणूस, काहीच संपणार नाही."

"मंग त्याला जर्मनीला कशाला जायाचं? हितं कोन धंदाच करत न्हाई. काय संपतंय?"

सगळ्या हसल्या. मुक्ताबाई सगळ्यात जास्त हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तिकडून चैतालीचे आवाजी निरोप यायचे. रविवारी ती एका बेकरीत काम करायची, बाकी दिवस वर्ग. अकरा देशांची मुलं. कॉफी, कापूस, चॉकलेट अशा एकेका मालाची साखळी घ्यायची, दुकानापासून मागे मागे शेतापर्यंत जायचं, आणि कुठे पाणी वाया जातं, कुठे कुणावर अन्याय होतो, ते शोधायचं. तिला हे फार आवडलं होतं. "कौमुदी, अगं, हा फॉर्मच आहे," ती एकदा म्हणाली. "पण अख्ख्या जगाचा." एका तासाला बाईंनी विचारलं, तुमच्या ओळखीच्या साखळीत न दिसणारं माणूस कोण? चैतालीने हात वर केला आणि मुक्ताआत्याबद्दल सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर राबलेली, आणि एक रुपया हातात न पडलेली बाई. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, हाच तुझ्या प्रबंधाचा विषय.

योग असा की नेदरलँडमधली एक तांदूळ घेणारी कंपनी तेव्हा मावळात शेतकरी शोधत होती. वाडीतल्या समर्थने दहा-बारा घरांचा गट बांधला होता. माल परदेशात जायचा तर काम कसं चालतं याची पाहणी लागणार होती. चैतालीने ती पाहणी प्रबंधासाठी मागून घेतली आणि त्या आवणीला तीन आठवड्यांसाठी ती घरी आली. मीही एका रविवारी गेले होते. तिने आत्याची मुलाखत घेतली, ती माझ्यासमोरच.

"नाव?"

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"आत्या, असं नको गं. विचारायलाच लागतं. नाव?"

"मुक्ता. आन् तुजं?"

"वय?"

"साठ असंल. पासष्ट असंल. तुला बरं दिसंल ते लिव्ह."

"आवणीच्या कामाचा मोबदला मिळतो?"

"मिळतो की. दिवस मिळतो."

"दिवस नाही गं. पैसे. पैसे मिळतात?"

"पैसं कोन देतंय! त्या काय माज्या मालकिनी हायत व्हय?"

कागदावर त्या प्रश्नापुढे दोनच चौकोन होते, हो आणि नाही. चैतालीने क्षणभर पेन उचलून धरलं. दोन्ही रिकामे सोडायचे, हे तिला जन्मात जमलं नसतं. तिने 'नाही'वर खूण केली. मी बघत होते, आणि मलाही ते बरोबरच वाटलं.

प्रबंधाच्या शेवटी तिने शिफारशी लिहिल्या. शेतावर राबणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी मजुरी मिळावी, बिनपैशाचं काम कुणाकडून घेऊ नये. साठीच्या वरच्या माणसांना भाताच्या चिखलात, पावसात कामाला बोलावू नये. हे दुसरं वाक्य तिने मला फोनवर वाचून दाखवलं होतं. "हे आत्यासाठी," ती म्हणाली. "गेल्या वर्षी पावसात बसून तिची छाती किती भरली होती, आठवतं?" पुढच्या उन्हाळ्यात प्रबंधाला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले. कंपनीला तो इतका पटला की गटाशी केलेल्या करारात शिफारशी जशाच्या तशा आल्या. चैतालीला त्याच कंपनीत नोकरीही मिळाली. सप्टेंबरात रुजू व्हायचं होतं. मधल्या तीन आठवड्यांत ती घरी यायला निघाली.

येण्याआधी तिने फोन केला होता. "आत्या, आवणी झाली?"

"झाली गं बाई, झाली."

आषाढ संपत आला होता. कान्हे फाट्यावरून मी तिला स्कूटरवर घेतलं. पाठीवरच्या पिशवीत चॉकलेटं होती आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी केलेला प्रबंध. पहिल्या पानावर तिने इंग्रजीत छापलं होतं, मुक्ताबाईंना, ज्यांच्या कामाला नाव नव्हतं. "तिला वाचता येत नाही," वाऱ्यात ओरडून ती म्हणाली, "पण तिचं नाव मी तिला बोटाने दाखवणार आहे." टाकव्यापुढे दोन्ही बाजूंनी भात लागलेलं. हिरव्या ओळी, मधे पाणी. ती एकेक खाचर ओळखून सांगत होती, हे अनिताचं, हे समर्थदादाचं, बांधावर उंबर आहे ना, ते.

ओढ्याकडे वळल्यावर तिने मला स्कूटर थांबवायला लावली.

मुक्ताबाईंच्या खाचरात नुसतं गढूळ पाणी होतं. कोपऱ्यातल्या राबावर, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर, रोप तसंच उभं होतं, मांडीएवढं वाढलेलं, शेंड्याला पिवळं पडलेलं. मुक्ताबाई बांधावर पावसासाठी डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या, आणि पहिल्यांदा कानकोंड्या झाल्या.

"आत्या, हे काय?"

"काय न्हाई गं. ऱ्हायलं या वर्साला."

"फोनवर तर म्हणालीस, आवणी झाली."

"झाली की. वाडीची झाली."

काय झालं होतं ते संध्याकाळी चंपामावशीने सांगितलं. गटाच्या आवणीला आता समर्थ यादी करतो. यादीतल्या बाईला मजुरी मिळते, ती सही करते. रोप वेळेत लागलं पाहिजे म्हणून गटाची खाचरं आधी, ओळीने. सावड कुणी मोडली नाही, पण तिला दिवसच उरला नाही. आणि साठीच्या वरचं माणूस बांधावरसुद्धा दिसायला नको, कारण पाहणीला कंपनीची बाई येते आणि फोटो काढते.

"मंग आक्का आमाला दिवस देनार कुटं?" चंपामावशी म्हणाल्या. "आमी गेलतो गं तिच्याकडं. समद्या. म्हनलं, आक्का, ऐतवारी येतो, तुजं खाचर लावून टाकतो. तर म्हनली, म्या दिवस दिल्याबिगर कुनाचा घेतला न्हाई, आता म्हातारपनी भीक घालता व्हय? दार लावून घेतलंन्. दोनदा गेलतो."

"मला का नाही कळवलंत?"

"तिनं शपथ घातली. परीक्षा हाय पोरीची, म्हनली."

"परीक्षा कधीच झाली होती, मावशी."

"ते तिला काय ठावं? तुजी समदी वर्सं तिला परीक्षाच वाटत्यात."

चैताली तशीच समर्थकडे गेली. समर्थ वाईट माणूस नाही. त्याने चहा टाकायला सांगितला, खुर्ची पुसून दिली आणि फाईल काढली.

"बांधावर बसून मुठी द्यायला काय झालं होतं, दादा?" चैतालीने विचारलं. "त्यात चिखलात उतरायचं कुठे येतं?"

"कामाची यादी बघ. नांगरनी, चिखलनी, रोप काढनी, आवणी. मुठी देनं त्यात न्हाई."

"नाही म्हणून काय झालं?"

"चैताली, यादी तुजीच हाय." तो खाली बघत म्हणाला. "तू टाकलं असतंस तर असतं."

तिने फाईल हातात घेतली, ते पान काढलं, आणि पुन्हा पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचत राहिली. जणू मधे कुठेतरी आत्या सापडेल. मग फाईल मिटून दिली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. मी बरोबर होते. तिचं म्हणणं सरळ होतं. आत्याच्या ऐवजी दिवस मी देते, माझ्याशी सावड करा. अनिता तिच्या वर्गातली, लग्न होऊन वाडीतच राहिलेली. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

"आमचं समद्यांचं लावून झालंय. तुजा दिवस घिऊन मी आज काय करू? तो पुडच्या आवणीला यायचा." ती उंबरा उतरून खाली आली. "पुडच्या आवणीला असशील का हितं?"

चैतालीने पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

"मी टोमना मारत न्हाई गं. तू म्हन, असंन. मी आत्ता समद्यांना गोळा करती."

"असेन," चैताली म्हणाली.

मागून मुक्ताबाई आल्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या कुणास ठाऊक. "चैते," त्या म्हणाल्या, "खोटा दिवस दिऊ नको कुनाला. आपल्या घरानं कदी दिला न्हाई." आणि अनिताकडे वळून, "तिला जायाचं हाय. तिचं काम हाय तिकडं."

रस्त्याने परत येताना चैताली म्हणाली, "मी नाही जात, आत्या."

"जाशील. म्या कुनाला सांगू, पोरगी शिकली आन् माज्या मुठी द्यायला परत आली?"

मी चार दिवस रजा टाकली. खाचर आम्ही दोघींनीच लावलं. मुक्ताबाई बांधावर. मला ओळ धरता येत नव्हती, रोप माझ्या हातातून पाण्यावर तरंगून वर यायचं. चैताली पुढे सरकायची, मागे वळून माझी ओळ पुन्हा लावायची. पेर धरलेलं रोप वाकायचं नाही, मोडायचं. मुक्ताबाई एकेक मूठ सुटी करून नेमकी हाताशी फेकत होत्या. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी सवयीने गाणं धरलं. "पान्यात उतरलं कोन गं?"

"आमी गं, आमी," आम्ही दोघी म्हणालो. एवढ्या मोठ्या मोकळ्या शिवारात तो आवाज इतका बारीक आला की पलीकडच्या बांधावरचा बगळासुद्धा उडाला नाही. मुक्ताबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

रोप जून झालंय, हे त्यांना पहिल्या मुठीलाच कळलं असणार. सत्तेचाळीस दिवसांचं रोप. पण त्या काही बोलल्या नाहीत. चैतालीलाही कळलं होतं, ती त्याच चिखलात वाढलेली. तीही बोलली नाही. एक मी तेवढी रोज संध्याकाळी ओळी मोजून खूष होत होते.

त्या आठवड्यात तिने कंपनीला आणि जर्मनीतल्या तिच्या बाईंना लांबलचक मेल लिहिला. सावड म्हणजे काय, एकट्या बाईचं खाचर पहिलं म्हणजे काय, मुठी देणं म्हणजे काय. माझी खूण चुकली, असंही लिहिलं. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं, आणि फार आदराने आलं. मुद्दा महत्त्वाचा आहे, करार दोन वर्षांनी पुन्हा तपासू तेव्हा विचारात घेऊ.

जाताना तिने प्रबंध मुक्ताबाईंच्या हातात दिला. नाव बोटाने दाखवायचं मात्र तिला झालं नाही. मुक्ताबाईंनी तो स्वच्छ फडक्यात बांधून फळीवर ठेवला. "लय जड हाय," त्या म्हणाल्या. "लय लिवलंस बाई."

कार्तिकात मी वाडीला गेले. चैतालीचा निरोप होता, आत्याला बघून ये आणि भाताचा फोटो पाठव. सगळीकडे कापणी चालू होती. मुक्ताबाईंच्या खाचरात भात उभं होतं, दुरून चांगलं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं, लोंब्या ताठ आहेत. भरलेली लोंबी वाकते. मी एक हातात घेऊन चोळली तर तळव्यावर नुसती फोलं राहिली.

"गुरांना व्हईल," मुक्ताबाई म्हणाल्या. त्या बारीक झाल्या होत्या. घरात रेशनचा तांदूळ होता, बाकी कशाची ददात नव्हती. चैताली पाठवायची. पण चंपामावशी म्हणाल्या, आवणीपासून आक्का गाणं म्हणत नाही, दळतानासुद्धा नाही.

मी फोटोसाठी मोबाइल काढला, तर त्यांनी माझा हात धरला. "ह्यो नको."

"मग?"

त्यांनी मला बांधावरून चालवत समर्थच्या खाचराशी नेलं. पिवळंधमक, ओझ्याने वाकलेलं भात. "ह्याचा काड," त्या म्हणाल्या. "आन् धाड तिला. म्हन, आत्याचं हाय."

"आत्या, असं कसं करू?"

"अगं, लांब हाय ती. एकटी हाय. ह्ये बघून तिला घास ग्वाड लागंल का? काड."

मी फोटो काढला. कडेला थोडी उंबराची फांदी येत होती. माझ्या ध्यानात आलं नाही. मी तो पाठवला, खाली लिहिलं, आत्याचं भात.

तिने तो लगेच पाहिला. उत्तर मात्र बराच वेळ येईना. आम्ही परत मुक्ताबाईंच्या बांधावर येऊन बसलो होतो. मुक्ताबाई एक लोंबी चोळत माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. मग तिचा निरोप आला. तिने लिहिलं होतं, "समर्थदादाचं भात छान आलंय. आत्याला सांग, मी म्हणाले, आपलं खाचर फार छान पिकलं."

"काय म्हनती?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"फार छान पिकलं म्हणते."

"कळलं न्हाई ना तिला?"

"नाही," मी म्हणाले.

मुक्ताबाईंनी मान हलवली. तीन बोटं नसलेल्या हाताने त्यांनी गुडघ्यावरची फोलं झटकली, आणि विळा घेऊन त्या आपल्या खाचरात उतरल्या.